पाण्याच्या आधी सहा तास

काल दुपारी घरामागच्या कालव्याला पाणी आले. पावसाळाभर कालवा बंद असतो. त्या काळात गाळ काढतात, मोऱ्यांची डागडुजी करतात, काठावरचे गवत कापतात. आणि दिवाळी उरकली की रब्बीची पहिली पाळी सुटते. पाळी म्हणजे ठरावीक दिवसांसाठी सोडलेले पाणी. ते येणार हे गावाला आधी ठाऊक असते, तरीही ते येते तेव्हा माणसे हातातले काम टाकून काठावर येतात. मीही गेले. गुडघे कुरकुरतात, पण ही एक हजेरी मी चुकवत नाही.

भरल्या कालव्याकडे पाहणे आणि कोरड्या कालव्यात पाणी शिरताना पाहणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाण्याला तोंड असते, हे पुष्कळांना माहीत नसते. कोरड्या तळावरून ते तोंड पुढे सरकते तेव्हा ते पाण्यासारखे दिसतच नाही. आधी येतो वाळक्या पानांचा, काटक्यांचा आणि तपकिरी फेसाचा एक ढिगारा, कुणी अदृश्य खराट्याने लोटत आणल्यासारखा. काटक्यांवर मुंग्या चढून बसलेल्या असतात. भेगांतून किडे बाहेर पडतात, त्यांच्यासाठी बगळे पुढे पुढे चालतात, आणि शेपटी हलवणारे धोबी पक्षी अगदी पाण्याच्या नाकासमोर नाचतात. जमीन बारीक आवाज करते. तापल्या तव्यावर पाण्याचा हात झटकला की होतो तसा, पण त्याहून पुष्कळ मऊ.

हे सारे मी पहिल्यांदा पाहिले ते १९७७ साली, सायकलवरून. कराडजवळ, जिथे नदीवरच्या बंधाऱ्यातून कालवा सुरू होतो, तिथून सांगली जिल्ह्यातल्या त्याच्या शेवटच्या शेतापर्यंत, पाण्याच्या सोबतीने, तीन दिवस. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि माध्यमिक शाळेत गणित व भूगोल शिकवू लागून एक वर्ष झाले होते. सोबत होते माझे वडील, आप्पा. ते कालव्यावर पाटकरी होते. शेताशेताला ठरल्या वेळी दार उघडून पाणी द्यायचे आणि ठरल्या वेळी बंद करायचे, हे पाटकऱ्याचे काम. त्या श्रावणात ते निवृत्त झाले होते.

निवृत्तीनंतर आठ दिवसांनी ते मला म्हणाले, "सुमे, तीस वर्सं मी कालव्यावर काडली, पर सगळा कालवा काय मी बघितला न्हाई. अकराच मैल म्हाईत हायती मला."

"मग बघू या की," मी म्हणाले.

"बघू. आन् शेवटाला आक्काचं वावर हाय."

वाक्याचा पहिला भाग प्रस्तावना होती. खरा विषय दुसऱ्यात होता, हे मला लगेच कळले. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. तिचे शेत कालव्याच्या अगदी शेपटाला, आणि आत्या पाच वर्षे आप्पांशी बोलत नव्हती.

कारण घरात सर्वांना ठाऊक होते. उच्चार कुणी करत नसे. दुष्काळाच्या वर्षी आप्पांची बदली त्या शेवटच्या मैलांवर झाली होती. आत्याचे यजमान लष्करात. शेती ती एकटी पाहत असे. तिची मुलगी मिरजेच्या दवाखान्यात होती, म्हणून ती तिकडे गेली आणि पाण्याचा अर्ज भरायला दोन दिवस उशीर झाला. अर्ज नाही तर पाणी नाही, असा नियम. आप्पांनी तिच्या वावराचे दार उघडले नाही. तिचा हरभरा उभ्या उभ्या वाळला. त्यानंतर राखीपौर्णिमा आल्या आणि गेल्या, भाऊबीजा आल्या आणि गेल्या. आप्पा दरवर्षी नवी टोपी घालून ओसरीवर बसत, आणि दुपारी ती काढून खुंटीला लावत.

आता मी माझ्या चुकीकडे येते. शिक्षकाने आपली चूक स्वच्छ फळ्यावर मांडावी, असे मी वर्गात नेहमी सांगत आले. तेव्हा इथेही मांडते. त्या उन्हाळ्यात मी भरून वाहणाऱ्या कालव्यात बाभळीचे एक पान टाकले होते आणि एक फर्लांग अंतर जायला त्याला साडेसात मिनिटे लागली होती. म्हणजे तासाला एक मैल. कालव्याची लांबी पन्नास मैलांच्या आसपास. म्हणजे पन्नास तास. मंगळवारी सकाळी आठ वाजता पाणी सुटणार, हे आप्पांना कळलेच होते. मी आत्याला पोस्टकार्ड लिहिले: "गुरुवारी सकाळी ठीक दहा वाजता पाणी आणि आम्ही दोघे आपल्या शेताशी पोहोचू." 'ठीक' या शब्दाखाली मी रेघही मारली. आप्पांनी ते कार्ड दोनदा वाचले आणि स्वतः पेटीत टाकून आले.

माझी सायकल आष्ट्याच्या एका परिचारिकेकडून घेतलेली, जुनी, पण पुढची दांडी वाकवलेली, बायकांसाठीची. आप्पांची चोवीस इंची, काळी, बैलासारखी थोराड. त्यांनी नोकरीतली खाकी अर्धी विजार घातली होती. कॅरियरला दोघांची वळकटी, भाकऱ्यांचे फडके, पंप, आणि माझी नोंदवही. बंधाऱ्यावर दारे वर उचलली गेली तेव्हा आठ वाजून चार मिनिटे झाली होती. ते मी लिहून घेतले.

कालव्याच्या काठाने जी वाट जाते ती कालव्याइतकीच जुनी, म्हणजे आमच्या आजोबांच्याही आधीची. ती चढत नाही, उतरत नाही. भूगोलाच्या शिक्षिकेला याहून सुंदर रस्ता नाही, कारण तो समोच्चरेषेवरून चालतो. डोंगराचा पाय जिथे वळतो तिथे तोही वळतो. वर्गात मी मुलांना समोच्चरेषा फळ्यावर काढून दाखवत असे आणि ती कुणालाही कळत नसे. इथे ती माझ्या चाकाखाली होती. डावीकडे माळ, उजवीकडे नदीपर्यंत उतरत गेलेले उसाचे मळे. उसाला नुकते तुरे येऊ लागले होते. सकाळच्या उन्हात ते रुपेरी दिसत, आणि वाऱ्याबरोबर सगळा मळा एकदम एका बाजूला मान करी.

पाणी तासाला एक मैल आणि सायकल तासाला आठ, तेव्हा आमचा प्रवास म्हणजे थोडे जायचे आणि पुष्कळ थांबायचे. अशा थांबण्यात मोठे सुख आहे. कुठल्या तरी मोरीच्या कठड्यावर बसावे, पाण्याचे तोंड वळणावरून येताना पाहावे, ते पायाखालून गेले की पुन्हा पुढे जावे. पुढल्या गावात लोक विचारत, "आलं का?" आणि आप्पा एखाद्या सरदाराची बातमी सांगावी तसे सांगत, "आलं. कराडकडच्या वळणाला हाय."

एका गावाशी बायका कालव्यातल्या उरलेल्या डबक्यावर शेवटची धुणी धूत होत्या. मला सायकलवर पाहून एकीने हात कमरेवर ठेवला.

"आगं बया, कुणाची गं ही? घोड्यावर बसल्यावानी बसलीया!"

"माजी हाय," आप्पा म्हणाले. "मास्तरीण हाय."

"मास्तरीण हाय तर पाय जिमिनीवर ठेव म्हणावं!"

सगळ्या हसल्या, आणि मी इतकी हसले की पाय खरोखरच जमिनीवर ठेवावा लागला. पाणी येते आहे म्हटल्यावर मात्र त्याच बायका धुण्याचे पिळे खांद्यावर टाकून लेकरांना हाका मारीत वर धावल्या. तळात उतरलेली चार पोरे ओंजळीतले मासे सांभाळत काठ चढली, आणि त्यांच्यामागून फेसाची ती रेघ संथपणे आली.

आजही कधी मन जड झाले तर मी त्या तीन दिवसांतला कुठलाही एक तास काढून पाहते. कसा कोण जाणे, तो अजून ओला असतो. गुऱ्हाळाच्या कढईवरून येणारा गोड, किंचित जळका वास. कालव्यावरच्या चौकीतल्या आंब्याखाली खाल्लेली, खर्ड्याने हिरवी झालेली भाकरी. सातारा जिल्हा संपून सांगली जिल्हा लागतो तिथे मी थाटात सायकल थांबवली, तर आप्पा म्हणाले, "कालव्याला ठाव न्हाई जिल्हा बदलला त्ये." नकाशातल्या सीमारेषांविषयी याहून चांगले वाक्य मी पुढे कुठल्याही पुस्तकात वाचले नाही आणि परीक्षेत विचारू शकले नाही.

बुधवारी दुपारी बारा वाजता, प्रवासाला अठ्ठावीस तास झाले असताना, पाणी पंचविसाव्या मैलाच्या दगडाशी होते. गणिताप्रमाणे ते अठ्ठाविसाव्या मैलाशी असायला हवे होते. मी नोंदवही उघडली, गुणाकार तपासला, भागाकार तपासला. त्यात चूक नव्हती.

"आप्पा, पाणी मागे राहिलंय."

"ऱ्हाणारच. भरल्या कालव्यात पाणी पाण्यावरनं पळतंय. कोरड्या कालव्यात आदी जिमीन पिती, भेगा पित्यात, खेकड्यांची बिळं पित्यात. मग उरलं तर म्होरं जातंय."

हे इतके सरळ होते की मला लाज वाटली. पान मी योग्य टाकले, अंतर योग्य मोजले. फक्त ज्या प्रश्नाचे उत्तर काढायचे होते तो प्रश्नच दुसरा होता.

"तुम्हांला हे ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग मी कार्ड लिहिलं तेव्हा का नाही बोललात?"

आप्पांनी टोपी काढून तिने चेहरा पुसला. "पाणी टायमात आलं असतं, तर आक्कानं पाण्याची ओटी भरली असती आन् घराकडं गेली असती. वाट बगाय लागली तर काठावर बसंल तरी. मला कुटं तिच्याम्होरं बसाय मिळतंय?"

मी नवा हिशेब मांडला: गुरुवारी दुपारी चार. म्हणजे आम्ही पाण्यासोबत न जाता पाण्याच्या आधी सहा तास पोहोचणार होतो. "कार्डावर धा लिवलंय न्हवं? मग धाला जायाचं," आप्पा म्हणाले. नियम पाळणाऱ्या माणसाचा नियम पहिल्यांदाच त्याच्या उपयोगी पडत होता.

ताकारीच्या अलीकडे माझ्या साडीचा काठ साखळीत गेला आणि मी सायकलीसकट शाळूच्या रानात पडले. लागले नाही, पण साखळी उतरली आणि काठ चार बोटे फाटला. रसूलभाई नावाच्या सायकल-मिस्त्रींनी तुपाच्या डब्याचा पत्रा कापून साखळीला झाकण करून दिले. पत्रा ठोकता ठोकता ते म्हणाले, "ताई, लुगडं तुमी नेसायचं, सायकलीला न्हाई नेसवायचं." मग आप्पांकडे वळून, "कुटं निघालाय बापलेक?"

"भनीकडं."

"मग दोनी चाकांत हवा भरून घ्या आप्पा. भनीच्या दारात हवा गेलेली बरी न्हवं."

आप्पा हसले, पण त्यांनी हवा खरोखरच भरून घेतली. आणि कुंडल मागे टाकून पलूसकडे जाताना ते माझ्या पुढे होते, आधीच्या दोन दिवसांत कधीच नव्हते इतके.

गुरुवारी दहाला पाच कमी असताना आम्ही शेवटच्या मैलाच्या दगडाशी पोहोचलो. तिथे कालवा उरतच नाही. एक हातभर रुंद चर होतो आणि आत्याच्या शेताच्या बांधाशी संपतो. ज्या कालव्याच्या तोंडाशी दोन बैलगाड्या शेजारी शेजारी मावतील, त्याचे टोक एका शेळीला ओलांडता येते. आत्या बांधावर उभी होती. हिरवे नऊवारी, कपाळभर कुंकू, हातात ताट. ताटात खण, नारळ, हळदकुंकू. हंगामाच्या पहिल्या पाण्याची ओटी भरण्याचा मान शेवटच्या शेताचा. कारण शेवटी पोहोचले तरच ते पाणी सर्वांचे झाले, असे तिकडे मानतात.

मी पाया पडले. तिने माझ्या हनुवटीला हात लावला, मग माझ्या मनगटावरचे घड्याळ पाहिले.

"किती वाजलं?"

"दहा."

"पाणी कुटं हाय?"

"मागून येतंय आत्या. चार वाजतील."

आत्याने कोरड्या चराकडे पाहिले, मग माझ्याकडे. आप्पा तिथेच सायकल धरून उभे होते. त्यांच्याकडे तिने पाहिले नाही. "पाणी आणतो म्हणून कार्ड धाडलं, आन् कोरडाच आला व्हय गं तुजा बाप?"

"आत्या, चूक माझी आहे. मी गणित—"

"तुजं गणित ऱ्हाऊ दे. त्याला म्हणावं, सावलीत बस. उनानं डोसकं फिरलं तर आमच्या बांधावर नको."

आप्पा लिंबाखाली बसले. आत्या दहा पावलांवर बसली. मी मधे. आणि सुरू झाला एक संवाद, ज्यात प्रत्येक वाक्य माझ्या नावाने निघे आणि माझ्या अंगावरून पलीकडे जाई.

"सुमे, इचार त्याला, गुडघं कसं हायती."

"सुमे, आक्काला सांग, गुडघं बरं हायती. दाजींची सुट्टी कवा हाय, इचार."

"माघात हाय म्हणावं. आन् त्याला सांग, दाढी वाढलीया, अस्वलावानी दिसतोय."

जेवणाची वेळ झाली तेव्हा तिने फडके सोडले. भाकरी, वांग्याचे भरीत, दह्याची लोटी. आप्पांची भाकरी तिने माझ्या हातात दिली. तिच्यावर लोण्याचा गोळा होता; माझ्या भाकरीवर नव्हता. मी ते बोलून दाखवले नाही. वर्गातही काही गोष्टी पाहायच्या असतात आणि बोलायच्या नसतात.

दोन वाजता आप्पा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सुमे, आक्काला सांग. अर्ज दोन दिस उशिरानं आला व्हता. उगडलं असतं, तर शेजारचा म्हणाला असता भनीचं वावर भिजवलं. मग दुसऱ्या कुणाला मी न्हाई म्हणाय ऱ्हायलो नसतो."

आत्या गवताची काडी तोडत होती. ती थांबली. "हरभऱ्याचं मी बोलतीया व्हय? वाळला, वाळला. त्या साली कुणाचा वाळला न्हाई? सुमे, तुज्या बापानं कागद धाडला मला. शिक्का मारल्याला. दुसऱ्याच्या हातनं. 'पाणी नामंजूर.' एक मैलावर ऱ्हात व्हता त्यो! मी मिरजंसनं आली, लेकीचं दुकणं बगून आली, आन् दारात सख्ख्या भावाचा शिक्का! चार पावलं येऊन म्हणाला असता, आक्का, जमत न्हाई, तर मी काय खाल्लं असतं त्याला?"

हे आम्हां कुणालाच ठाऊक नव्हते. पाच वर्षे आम्ही पाण्याचे दुःख समजत होतो. ते कागदाचे होते. आप्पांच्या चेहऱ्यावरून मला दिसले की त्यांना तो कागद आठवत होता, पण तो अपराध म्हणून कधी आठवला नव्हता. नकार लेखी द्यावा, असा नियम होता. त्यांनी तो सगळ्यांना दिला तसा तिलाही दिला होता.

मग आप्पा उठले. दहा पावले चालून आत्यासमोर उकिडवे बसले आणि पहिल्यांदा माझे नाव न घेता बोलले.

"आक्का, चुकलं. कागद धाडाय नको व्हता. याय पायजे व्हतं."

आत्या पदराने ताटावरची धूळ पुसत राहिली; धूळ नव्हती. दुरून, पलीकडच्या उसाच्या वळणावरून, बगळे उठून पुढे येऊन बसले.

पाणी आले तेव्हा ते तोंडाशी पाहिलेल्या पाण्यासारखे नव्हतेच. वीतभर रुंद, चिखलाच्या रंगाचे, थकलेले. वाटेत पन्नास मैलांच्या भेगांना, बिळांना, मुळांना देत देत जेवढे उरले तेवढे. आत्याने खण आणि नारळ सोडला, हळदकुंकू वाहिले, हात जोडले. नवा पाटकरी तरणा होता. त्याने नाव पुकारून दार उचलले, कारण या साली आत्याचा अर्ज सर्वांत पहिला होता. पाणी तिच्या वावरात शिरले.

आत्याने बांधावरचे खोरे उचलले आणि आप्पांच्या पुढ्यात धरले.

"दादू, धर. दारं धर."

दारं धरणे म्हणजे एक वाफा भरला की त्याचे तोंड मातीने बुजवायचे आणि पाणी दुसऱ्यात वळवायचे. आप्पांनी हयातभर लोखंडी दारे उघडली आणि झाकली होती. दाराच्या पलीकडे गेलेल्या पाण्याशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. त्यांनी विजार वर सरकवली आणि ते उतरले. पहिला वाफा भरला, त्यांनी तोंड बुजवले, तर पाणी बांध फोडून तिसरीकडेच निघाले. ते तिकडे धावले, तोवर पहिले तोंड वाहून गेले.

"आरं दादू, तिकडं न्हाई, हितं! हितं माती टाक! आरं फुटलं बघ मागं! तीस वर्सं पाणी वाटलंस, आन् एक वाफा भिजवाय येत न्हाई व्हय रं तुला?"

"न्हाई येत," आप्पा गुडघाभर चिखलातून ओरडले. "शिकीव!"

आत्याने कासोटा वर खोचला, बांगड्या मागे सारल्या, आणि ती वाफ्यात उतरली.